माहेरी जन्मलेला मास्तर

निजामाच्या राज्यातील नोकऱ्या राज्यातील माणसांनाच मिळाव्यात, हा नियम मुळात वाईट नव्हता, हे मी आरंभीच नमूद करून ठेवतो. बाहेरून आलेल्या लोकांनी कचेऱ्या भरल्या होत्या आणि इथल्या मातीत वाढलेला मनुष्य चपराशाच्या जागेसाठीही दारात ताटकळत उभा असे, ते दिवस मी पाहिले आहेत. म्हणून ‘मुलकी’ म्हणजे या राज्याचा आणि ‘गैरमुलकी’ म्हणजे परका अशी विभागणी कागदावर आली, तेव्हा मुन्सफीतल्या आम्हा वकीलमंडळींनी तिचे स्वागतच केले. कायदा आपल्या बाजूने आहे असे वाटण्याचे प्रसंग आयुष्यात थोडे येतात. तो त्यांतला एक होता.

त्याच कायद्याने आमच्या गावची शाळा मारली. कशी मारली, हे मी आजवर तहसीलदारापासून थेट दरबारापर्यंत उर्दूतून, मराठीतून, विनयाने आणि विनय सोडूनही लिहिले आहे. हा मजकूर मात्र अर्ज नव्हे. याला उत्तर यावे अशी माझी अपेक्षा नाही, म्हणूनच कदाचित हा मला सरळ लिहिता येईल.

आमचे गाव सीना नदीच्या अलीकडच्या काठावर. अलीकडे निजामाचा अंमल, पलीकडे इंग्रजांचा. उन्हाळ्यात नदी आटली की शेळ्या एका सरकारातून दुसऱ्या सरकारात चरत जात आणि संध्याकाळी परत येत. त्यांना कोणी हटकल्याचे मला स्मरत नाही. बाजाराला आम्ही अलीकडच्याच कडा गावी जात असू, परंतु सोयरिकी दोन्ही काठांवर होत. गावातल्या निम्म्या सुना पलीकडच्या, आणि आमच्या निम्म्या लेकी पलीकडे नांदत होत्या.

शाळा म्हणजे एक खोली, पुढे ओटा, आणि आवारात एक मोठा लिंब. खालच्या वर्गांना मराठीतून शिकवावे असे नियमात लिहिलेले होते. शिकवणारा मनुष्य मात्र खात्याजवळ नव्हता. जे मुदर्रिस, म्हणजे सरकारी शिक्षक, म्हणून येत, ते उर्दू घेऊन येत. मुले ‘अलिफ बे’ पाठ म्हणत, अर्थ कोणी विचारीत नसे, आणि एकेक मूल गुरांमागे परत जाई. शेवटचे मुदर्रिस आजारपणामुळे गाव सोडून गेल्यावर जागा रिकामीच पडली. खोलीत पाटलाने कडबा भरला. त्याबद्दल मी त्याला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, “वकीलसाहेब, शाळा उपाशी हाय, पन माजी जनावरं न्हाईत.” त्याचे दोन्ही मुलगे नगरला राहून शिकत होते. देशमुखांचे तसेच. गावात ज्यांच्या शब्दाला कचेरीत वजन होते, त्यांच्यापैकी कोणाचेही मूल या शाळेवर अवलंबून नव्हते. ज्यांना दुसरी शाळा नव्हती ते सगळे धनगर, माळी, कुणबी आणि महारवाड्यातले. त्यांच्या वतीने बोलणारा मी एकटा आणि माझी दौत.

दौतीच्या भरवशावर मुदर्रिस येत नाही, हे ध्यानात आल्यावर मी स्वतःच शोधास निघालो. शोध फार दूर न्यावा लागला नाही. गावातल्याच एका विधवेचा मुलगा पलीकडे मामाकडे राहून मराठी शाळेची परीक्षा पास झाला होता. पुढे त्याने मास्तरकीचे शिक्षणही घेतले होते. बाप वारल्यावर आईच्या मदतीला परत आला, तो औताच्या मागेच राहिला. मी त्याला शेतात गाठले.

“शाळा धरशील का?” मी विचारले.

तो हसला. “मला कोन नेमतंय, आबा? म्या मराठी शिकलेला.”

“मराठी शिकलेलाच पाहिजे.”

“आन् हुकूम?”

“हुकूम मी आणतो. तू कडबा बाहेर काढ.”

कडबा त्याने बाहेर काढला. पाटलाने शिव्या दिल्या, पण त्या रीतीपुरत्या होत्या.

त्याच्या शिकवण्याविषयी मी एकच गोष्ट सांगतो. गावाच्या रिवाजाप्रमाणे महारवाड्यातली मुले आत येऊ शकत नव्हती. ती ओट्यावर बसत आणि आत काय चालले आहे ते कानांनी झेलीत. या मुलाने पहिल्या दिवशी रिवाजाशी भांडण केले नाही. त्याने फळा उचलून दारात उभा केला आणि स्वतः उंबऱ्यावर बसला. आतल्यांना फळा जेवढा तिरपा दिसे, तेवढाच ओट्यावरच्यांनाही दिसे. आठवड्याभराने आतल्या मुलांच्या आया तक्रार घेऊन आल्या, की पोरांच्या माना अवघडतात. “मग असं करू,” तो म्हणाला, “समदेच लिंबाखाली बसू. माना सरळ ऱ्हातील.” लिंबाला आत-बाहेर नव्हते. सगळी शाळा लिंबाखाली गेली ती गेलीच. अंतर ठेवून बसण्याची रेघ पहिले काही दिवस मातीत ओढलेली असे. पुढे सावली सरके तशी मुले सरकत, आणि रेघ कोणत्या बाजूची हे कोणाला आठवेना.

पाटील एकदा तिथून जाताना थांबला. “काय बे मास्तर, आज झाडाखाली, उद्या काय नदीत बसवतो का शाळा?”

“पानी आसलं की बसवतो, पाटील,” मास्तर म्हणाला. मुले हसली. पाटीलही हसला, हे मी मुद्दाम लिहितो. त्या महिन्यांत गावाला हसणे परवडत होते.

ओट्यावरून लिंबाखाली आलेल्यांत एक मुलगी होती, कडेवर धाकटा भाऊ घेऊन येणारी. भाऊ रडला की ती पाटीवरचे अक्षर त्याच्या तळव्यावर गिरवी आणि तो गप्प होई. पुस्तक म्हणजे मास्तरचे स्वतःचे एकच, जुने, पलीकडून आणलेले. जिथवर वाचून झाले तिथे मुले लिंबाची काडी ठेवीत. मी रोज सकाळी जाऊन ती काडी पाहत असे. ती पुढे सरकत होती.

हुकुमासाठी मी अर्ज केला होताच. यथावकाश शाळाखात्याचे जिल्ह्याचे अंमलदार, ज्यांना मोहतमीम म्हणत, ते स्वतः तपासणीस आले. सभ्य गृहस्थ होते. मोठ्या शहरात वाढलेले, शेरवानीला धूळ लागू नये म्हणून जपणारे, पण मुलांसमोर बसताना त्यांनी शेरवानीचा विचार केला नाही. मुलांनी वाचून दाखवले, हिशेब केले. मुलीने भावाला खाली ठेवून फळ्यावर गावाचे नाव लिहिले. मोहतमीमसाहेबांनी माझ्याकडे वळून म्हटले, “वकीलसाब, ये लडका हीरा है.” मग त्यांनी नेमणुकीचा कागद काढला आणि मास्तरला एकेक प्रश्न विचारून भरू लागले. बापाचे नाव, जात, शिक्षण.

“पैदाइश?”

“मामाच्या गावी,” मास्तरने सांगितले आणि नदीकडे हात केला. तिथून मामाच्या गावातली झाडे दिसत होती.

लेखणी थांबली. ती कशी थांबली हे मला आजही दिसते. त्यांनी नदीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “ये तो अंग्रेजी इलाका हुआ.”

इथे परक्या वाचकासाठी एवढे सांगतो, की आमच्याकडे पहिलटकरणीने माहेरी जाऊन बाळंत व्हावे हा केवळ रिवाज नाही, तो बापाचा अधिकार आहे आणि लेकीचाही. दिवस भरत आले की माहेरून मुराळी येतो, म्हणजे लेकीला न्यायला आलेला बाप किंवा भाऊ. तो आला नाही तर सासरी तिला आयुष्यभर ऐकून घ्यावे लागते. मास्तरची आई पलीकडची. ती नदी ओलांडून माहेरी गेली, बाळंत झाली आणि बाळ घेऊन परत आली. एवढ्यावरून तिचा मुलगा परका ठरत होता.

मी तिथल्या तिथे युक्तिवाद केला. बाप इथला, आजा इथला, जमीन इथली, सारा या सरकारात भरलेला. आईचे बाळंतपण म्हणजे वास्तव्य नव्हे; ती देश सोडून गेली नव्हती, आईकडे गेली होती. जन्माचा आधार सोडला तरी दीर्घ वास्तव्याचा आधार नियमात होता. त्यावर साहेब म्हणाले, की शिक्षणाची इतकी वर्षे हा मुलगा पलीकडेच होता. मी म्हणालो, साहेब, मराठी मास्तरकीचे शिक्षण अलीकडे मिळतच नाही. जो ते घेईल त्याला पलीकडे राहावेच लागेल. मग तुमच्या नियमाने मराठी शिकवू शकणारा प्रत्येक मनुष्य परका, आणि जो परका नाही त्याला मराठी शिकवता येत नाही. हे तुम्ही मास्तर नेमता आहात की मास्तर मिळू नये याची तजवीज करता आहात?

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरे वाटले असते. “वकीलसाब, कानून मैं बनाता नहीं, पढता हूँ,” ते म्हणाले. मग बराच विचार करून त्यांनी एक फट ठेवली. जन्माबद्दल मुलाला स्वतःला काय माहीत असणार? त्याने ऐकीव सांगितले. आईचा हलफेवर, म्हणजे शपथेवर, जबाब घेऊ, मग ठरवू.

ती फट त्यांनी जाणूनबुजून ठेवली, असे माझे आजही मत आहे.

चौकशीची तारीख पडेपर्यंत मी काय केले? लिहिले. वंशाच्या आधारावर लिहिले, जमिनीच्या आधारावर लिहिले, नदीचे पात्र सरकते त्या आधारावरही लिहिले. माझी पत्नी कंदिलाची काच पुसताना एकदा म्हणाली, “सरकारला एवढं लिहिता, ते तरी कधी तुम्हांला चार ओळी लिहितं का?” मी रागाने म्हणालो, की सरकार म्हणजे तुझी बहीण नव्हे. ती म्हणाली, “माझ्या बहिणीला वाचता येत नाही, तरी पत्र आलं की ती वाचायला कोणालातरी बोलावते.”

गावाने मात्र माझ्या अर्जांवर भिस्त ठेवली नाही. जन्म अलीकडेच झाला असे आईने सांगितले की प्रश्नच मिटतो, हे गावाला कायदा न वाचता कळले होते. गावची सुईण, जिने अर्धे गाव या जगात आणले, ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “वकीलसाहेब, म्या सांगते की म्याच नाळ कापली. माजं काय जातंय?” मी तिला परत पाठवले. हलफेवर खोटे बोलायला लावण्याचा धंदा मी जन्मभर केला नाही. तेव्हा ती पाटलाकडे गेली, आणि आश्चर्य असे की पाटलाने विडा उचलला. मास्तरच्या आईला चावडीत बसवून त्यानेच तिला पढवले. ‘हितंच जलमला, सासरी.’ एवढेच म्हणायचे, पुढे तोंड उघडायचे नाही. चौकशीच्या सकाळी हे मला कळले. मी तिला अडवले नाही आणि तिला बळही दिले नाही. जबाबासाठी तिला बोलावणे आले तेव्हा, ती खोटे बोलो, अशी इच्छा मी केली. ज्याने हयातभर साक्षीदारांना सत्याची शपथ दिली त्याला कायद्याने तिथवर आणून सोडले होते.

चौकशी चावडीत झाली. मोहतमीमसाहेब गादीवर, बाजूला त्यांचा पेशकार, म्हणजे जबाब लिहून घेणारा कारकून. तो याच भागातला, मराठी बोलणारा. लिंबाखालची सगळी शाळा चावडीच्या पायऱ्यांवर दाटून बसली होती. मास्तरचा मामा बैलगाडी जुंपून पलीकडून आला होता, भाच्याच्या नेमणुकीला मामा हजर पाहिजे म्हणून. फेटा बांधून, पुढे, अगदी साहेबांच्या नजरेसमोर. त्याला मागे बसवावे एवढी साधी गोष्ट पाटलाला सुचली नाही.

आईने हलफ घेतली. पदर कपाळापर्यंत ओढलेला.

“माई, हा मुलगा कोठे जन्मला?” साहेबांचा प्रश्न पेशकाराने मराठीत केला.

“हितंच, साहेब.” आवाज खाली, पण शब्द स्पष्ट. “सासरी.”

साहेबांनी मान हलवली. मला दिसले, की त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी पेशकाराला लिहिण्याची खूण केली. काम संपले होते. पेशकाराने लेखणी दौतीत बुडवली, आणि लिहिता लिहिता, कामाचा भाग म्हणून नव्हे, पारावर बसल्यासारखा म्हणाला, “पहिलटकरीण, आन् सासरीच? कावून, माहेरचं कोनी मुराळी आलं न्हाई व्हय?”

तो टोमणा होता, सापळा होता, की नुसती चांभारचौकशी, हे मी आजतागायत ठरवू शकलो नाही. चावडीत कोणीतरी खुदकन हसले. मी मामाकडे पाहिले. त्याची मान खाली गेली होती. सबंध गावासमोर, हलफेवर, सरकारी कागदात लिहिले जात होते, की याच्या बापाने लेकीला बाळंतपणाला नेले नाही.

आईनेही भावाकडे पाहिले.

“कोन म्हंतं आलं न्हाई?” ती म्हणाली. पदर मागे सरकला तो तिने सावरला नाही. “माजा बाप सोता आलता. सोता! नदीला पानी व्हतं तर गाडी काठाला सोडली आन् मला हाताला धरून पलीकडं नेलं. लई थाटात झालं माजं बाळंतपन. माज्या आईनं डिंकाचे लाडू सासरला धाडलते, इचारा या गावाला! ह्यो बसलाय माजा भाऊ, ह्याच्या मांडीवर बारसं झालं पोराचं!”

पाटील उठून उभा राहिला. “ए बाई, काय बोलती...”

“खरं बोलती,” ती म्हणाली. “माजा बाप न्हाई आता सांगायला.”

मग तिचे तिलाच कळले. ती मुलाकडे वळली. मास्तर चावडीच्या खांबाशी उभा होता. त्याने आईला नजरेने काही सांगितले असावे, कारण ती रडली नाही, पदर ओढून खाली बसली. मामाने मान वर केली होती. त्या चावडीत ताठ मानेने बसलेला तो एकटाच मनुष्य होता, आणि त्याला काय घडले ते घरी जाईपर्यंत उमगले नसावे.

मोहतमीमसाहेबांनी कागद ओढून घेतला आणि जबाब स्वतःच्या हाताने पुरा केला. मी उठून म्हणालो, की हा जबाब माझ्याच बाजूचा आहे. हाताला धरून नेलेली आणि परत आणलेली बाई स्थलांतरित कशी? ते म्हणाले, “वकीलसाब, मैंने सब लिख लिया है. अब मेरे हाथ में कुछ नहीं.” त्यांच्या आवाजात खेद होता. पण कागदावर खेदाचा रकाना नसतो.

हुकूम आला. उमेदवार गैरमुलकी, सबब नेमणूक नामंजूर, लायक मुलकी मुदर्रिस पाठवण्यात येईल. मी त्यावर अपील केले, अपिलावर अपील केले. त्या कागदांची मिसल कोणत्या कपाटात आहे हे मला विचारू नये.

लायक मुलकी मुदर्रिस खरोखरच आला. या अफाट राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचा, निर्विवाद मुलकी. त्याची घरची भाषा तेलुगू, शिकवायची उर्दू, आणि पुढ्यात बसलेली मुले मराठी. बिचारा भला होता. लिंबाखाली शाळा भरवण्याचे त्याला कोणी सांगितले नव्हते, म्हणून तो खोलीत बसला. आणि तो खोलीत बसल्याबरोबर ओट्यावरचा रिवाज कोणी हाक न मारता परत आला. ओट्यावरून त्याचे शब्द ऐकून तरी काय करायचे? ती मुले सगळ्यांआधी गेली. मग धनगरांची, मग माळ्यांची. एका दुपारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “वकीलसाब, बच्चे मेरी नहीं समझते, मैं बच्चों की नहीं समझता. मेरे लिए एक दरखास्त लिख दीजिए.” बदलीसाठी. मी लिहून दिली. माझ्या सगळ्या अर्जांत तो एकच मंजूर झाला.

मास्तर पलीकडे गेला. तिथल्या शाळेने त्याला लगेच घेतले. तिथे त्याला कोणी आईचे बाळंतपण विचारले नाही. नदी कोरडी असते तेव्हा आमच्या गावातली काही मुले पलीकडे जातात, ज्यांच्या बापांना सोडायला-आणायला गडी आहेत ती. बाकीच्यांना गुरे आहेत. धाकटा भाऊ कडेवर असलेली ती मुलगी एकदा माझ्या दारासमोर थांबली होती.

“आबा, मास्तर कवा येनार?”

“अर्ज केला आहे,” मी म्हणालो.

“आनखी एक?” ती म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

मास्तरची आई मला टाळते. मीही तिला टाळतो. तिने ‘माजं चुकलं का?’ असे विचारले तर उत्तर देण्याची ताकद मजजवळ नाही. तिचे चुकले नाही, हे मी कोणत्याही न्यायासनापुढे सिद्ध करू शकतो. तिच्यापुढे मात्र नाही.

परवा गावातली एक म्हातारी माझ्याकडे सल्ल्याला आली. माळ्याच्या घरची, लिंबाखालच्या शाळेत जिचा नातू होता ती. धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते. सून पलीकडची, आणि तिचा बाप गाडी घेऊन माझ्याच दारात थांबला होता.

“वकीलसाहेब, धाडू का नको?” तिने विचारले. “लोक म्हंत्यात, तिकडं जलमलं की पोरगं परकं व्हतं. सरकार धरून नेतं का?”

“नेत नाही. धाडा.”

“मग त्या मास्तरचं कावून आडलं?”

“त्याला शाळेची नोकरी करायची होती म्हणून अडले.”

तिने दाराबाहेर पाहिले. दारातले बैल मान हलवीत होते.

“म्हंजी पोरगं शिकलं तरच आडचन?”

मी वकील आहे. प्रश्न सरळ होता आणि कायदा मला ठाऊक होता. “होय,” मी म्हणालो. “शिकले तरच.”

“न्हाई शिकलं तर कोनी इचारत न्हाई, कुटं जलमला म्हनून?”

“नाही. कोणी विचारीत नाही.”

तिचा चेहरा उजळला. “आसं व्हय! मग धाडते की,” ती म्हणाली, आणि माझ्या पाया पडून गेली. थोड्या वेळाने गाडी नदीकडे उतरताना मी ओट्यावरून पाहिली. सून मागे तोंड करून बसली होती आणि हसत होती. मी आत आलो, दौत उघडली, आणि कोणाच्या नावाने लिहावे हे मला सुचेना.